राष्ट्रीय महासंगणकावर वेळ हवा आहे: किती मागायचा, कसा वापरायचा आणि मदत कुणाची घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठाच्या विभागात पीएचडी चालू आहे. पेशीपटलातल्या एका प्रथिनाचं सिम्युलेशन ग्रोमॅक्सवर (रेणूंच्या हालचालीचं गणित करणारा प्रोग्राम) करायचं आहे, पाणी आणि लिपिड धरून साधारण अडीच लाख अणू. प्रयोगशाळेतल्या एक ग्राफिक्स कार्ड असलेल्या वर्कस्टेशनवर 500 नॅनोसेकंदांचा एक रन पूर्ण व्हायला तीन आठवडे लागतात. असे नऊ रन हवेत: प्रथिनाची तीन रूपं, प्रत्येकाच्या तीन पुनरावृत्ती. राष्ट्रीय महासंगणकावर बाहेरच्या संस्थेतल्या विद्यार्थ्याला वेळ मिळतो का, अर्जात काय लिहायचं, आणि तिथे हे काम किती पट वेगाने होईल?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत. एक रन घेतलात तर तो फारसा वेगाने होणार नाही. कदाचित दुप्पट, फार तर तिप्पट. तुमचं वर्कस्टेशन दिवसाला प्रथिनाच्या हालचालीचे साधारण 24 नॅनोसेकंद देतंय. ग्रोमॅक्स बहुतेक गणित सिंगल प्रिसिजनमध्ये (कमी अंकांच्या अचूकतेत) करतं, त्यामुळे गेमिंगसाठी बनवलेलं चांगलं ग्राफिक्स कार्डसुद्धा त्यात महासंगणकातल्या महागड्या कार्डाच्या जवळपास पोचतं. महासंगणकाचा फायदा वेगळा आहे: तुमचे नऊच्या नऊ रन तिथे एकाच वेळी चालू शकतात. आज एकामागून एक करत 27 आठवडे जाणार आहेत, ते काम रांगेतला वेळ धरून दीड-दोन महिन्यांत उरकतं. हे आधी ध्यानात घेतलं नाही, तर माणूस एका रनला जास्तीत जास्त नोड (महासंगणकात एकत्र जोडलेले सुटे संगणक) लावायच्या मागे लागतो, दिलेला वेळ उडवतो आणि महासंगणक संथ आहे म्हणत परत येतो.

कोणत्या दारावर जायचं

भारतात हे जाळं राष्ट्रीय महासंगणन अभियानातून उभं राहिलं आहे. केंद्र सरकारने 2015 मध्ये साडेचार हजार कोटी रुपयांच्या या अभियानाला मंजुरी दिली. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग व इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय हे दोघं मिळून ते चालवतात, आणि अंमलबजावणी पुण्याची सी-डॅक (सरकारी संगणन संशोधन संस्था) व बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था करतात. 2019 मध्ये आयआयटी (बीएचयू) इथे परम शिवाय सुरू झाला. त्यानंतर आयसर पुण्यात परम ब्रह्म, आयआयटी खरगपूरला परम शक्ती, कानपूरला परम संगणक, हैदराबादला परम सेवा, रुरकीला परम गंगा, गांधीनगरला परम अनंत, भारतीय विज्ञान संस्थेत 3.3 पेटाफ्लॉप्सचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला 10 कोटी कोटी गणितं) परम प्रवेग अशी यंत्रं आली. सप्टेंबर 2024 मध्ये सी-डॅकने इथेच आराखडा केलेल्या रुद्र सर्व्हरवरची तीन यंत्रं एकदम सुरू झाली: पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी, दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आणि कोलकात्याच्या एस. एन. बोस केंद्रात.

यातली बरीच यंत्रं यजमान संस्थेच्या आवारात आहेत आणि रोजचा कारभार ती संस्था सी-डॅकच्या अभियंत्यांबरोबर पाहते. त्यामुळे नियम सगळीकडे सारखे नाहीत. बाहेरच्या वापरकर्त्यांसाठी किती वाटा, शुल्क आहे का, अर्ज वर्षभर घेतात की ठरावीक वेळी, एका वापरकर्त्याला एका वेळी किती नोड मिळतात, हे सगळं त्या-त्या यंत्राच्या पानावर आणि वापरपुस्तिकेत पाहायचं. दोन-तीन यंत्रांच्या पुस्तिका उतरवून घेऊन शेजारी ठेवून वाचा, तासाभराचं काम आहे. जवळचं यंत्र म्हणून पुणेच हवं असा हट्ट नको. तुम्ही बसणार टर्मिनलसमोरच, यंत्र रुरकीत आहे की पाषाणला याने काही फरक पडत नाही.

दोन दारं मात्र तुमच्यासाठी नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला 11.77 पेटाफ्लॉप्सचा अर्क आणि नोएडातला 8.24 पेटाफ्लॉप्सचा अरुणिका ही यंत्रं हवामान आणि हवामानबदलाच्या कामाला वाहिलेली आहेत, रेणूंचं सिम्युलेशन तिथे चालायचं नाही. सी-डॅकचे परम सिद्धी-एआय (नोव्हेंबर 2020 च्या जागतिक यादीत 63 वा) आणि ऐरावत (जून 2023 च्या यादीत 75 वा) हे मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारलेले आहेत. जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स कार्डावर) चालणारं विज्ञानाचं काम तिथे घेतात का, हे अर्ज भरण्याआधी ईमेलवर विचारून घ्या.

अर्जापूर्वीची मोजणी

अर्ज नाकारला जातो तो बहुधा एकाच कारणाने: मागितलेल्या कोअर-तासांमागे (प्रोसेसरमधला एक कोअर एक तास वापरला की एक कोअर-तास) मोजमाप नसतं. "आमच्या कामाला 10 लाख कोअर-तास लागतील" असं लिहिलं की तपासणारा पहिल्यांदा विचारतो, कशावरून?

कोअर-तासाचा हिशेब सोपा आहे. परम शिवायच्या एका सीपीयू नोडमध्ये 40 कोअर आहेत, परम ब्रह्म किंवा परम प्रवेगच्या नोडमध्ये 24 कोअरचे दोन प्रोसेसर मिळून 48, आणि मेमरी 192 जीबी, म्हणजे दर कोअरमागे 4 जीबी. 48 कोअरचा एक नोड पूर्ण दिवस वापरला तर 1,152 कोअर-तास खर्च झाले. प्रोग्रामने त्यातले दहाच कोअर खरोखर वापरले आणि नोड पूर्ण अडवून ठेवला, तरी बिल 1,152 चंच.

आता लहान चाचणी. बऱ्याच केंद्रांत चाचणीसाठी थोड्या वेळाचं खातं किंवा लहान जॉबची (जॉब म्हणजे यंत्राला सोपवलेलं एक काम) वेगळी रांग असते, ती आधी मागा. तुमची खरी प्रणाली घ्या, एखादं पाण्याचं नमुनेदार डबकं नको. तीच इनपुट फाइल 1, 2, 4 आणि 8 नोडवर प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं चालवा. सुरुवातीची काही मिनिटं हिशेबातून वगळा, कारण ग्रोमॅक्स त्या काळात कामाची वाटणी जुळवत असतं. काउंटर मध्येच शून्यावर आणण्याचा पर्याय त्यासाठीच आहे. मग लॉगच्या शेवटी दिवसाला किती नॅनोसेकंद झाले ते पाहा.

उदाहरणादाखल धरा की आकडे असे आले: 1 नोडवर 20, 2 वर 36, 4 वर 62, 8 वर 85. नोड दुप्पट केल्यावर काम दुप्पट व्हायला हवं, त्या तुलनेत कार्यक्षमता 90 टक्के, साडेसत्त्याहत्तर टक्के आणि शेवटी 53 टक्क्यांवर घसरली. तुमचं एकूण काम 4,500 नॅनोसेकंद. ते एकेका नोडवर केलं तर 2,59,200 कोअर-तास, दोन-दोन नोडवर 2,88,000, चार-चारवर सुमारे 3,34,000 आणि आठ-आठवर सुमारे 4,88,000. एक रन पूर्ण व्हायला लागणारा वेळ अनुक्रमे 25 दिवस, 14 दिवस, 8 दिवस आणि 6 दिवस. चारवरून आठवर जाताना दोन दिवस वाचले आणि दीड लाखाहून जास्त कोअर-तास गेले. या कामाला दर रनला दोन नोड हा शहाणपणाचा सौदा आहे: नऊ रन मिळून 18 नोड, दोन आठवडे.

ही घसरण का होते? अणू जितक्या जास्त कोअरमध्ये वाटाल तितके प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतात आणि शेजाऱ्यांशी देवाणघेवाण तेवढीच राहते, किंबहुना वाढते. लांब पल्ल्याच्या विद्युत बलांसाठी ग्रोमॅक्स फूरिये रूपांतर करतं, त्यात तर सगळ्यांना सगळ्यांशी बोलावं लागतं. शिवाय प्रत्येक प्रोग्राममध्ये एकट्यानेच करायचा असा काही भाग असतो. तो अवघा 5 टक्के असला तरी हजार कोअर लावून वेग 20 पटींच्या वर जात नाही, आणि 48 कोअरवरच तो 14 पटींच्या आसपास अडकलेला असतो.

अर्जात हे चार आकड्यांचं कोष्टक टाका, त्याखाली गुणाकार लिहा आणि पडलेले जॉब, समतोलनाचे टप्पे व नंतरच्या विश्लेषणासाठी 15 ते 20 टक्के वाढवा. म्हणजे साधारण साडेतीन लाख. तपासणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे पाहून बरं वाटतं, आणि मागणी कापायचीच झाली तर कुठे कापायची हे तुम्हालाच माहीत असतं: तिसरी पुनरावृत्ती नंतर करू, असं तुम्ही सांगू शकता.

जीपीयू नोड असेल तर त्यावरही एक चाचणी घ्या. एवढ्या आकाराच्या प्रणालीला एक जीपीयू नोड कित्येकदा दोन-तीन सीपीयू नोडइतकं काम देतो. पण परम यंत्रांत जीपीयू नोड सीपीयू नोडच्या मानाने थोडे असतात आणि त्यांच्या रांगेत मशीन लर्निंगवाल्यांची गर्दी असते. चार दिवस थांबून दोन दिवसांत होणारं काम आणि लगेच सुरू होऊन पाच दिवसांत होणारं काम, यात निवड तुम्हीच करा.

साठवणुकीची मागणीही मोजून करा, ती लोक अंदाजपंचे लिहितात. संकुचित ट्रॅजेक्टरीत (अणूंच्या जागांची क्षणोक्षणीची नोंद) एका अणूला एका चित्राला ढोबळमानाने 4 बाइट लागतात, म्हणजे अडीच लाख अणूंचं एक चित्र सुमारे 1 एमबी. दर 10 पिकोसेकंदांना चित्र साठवलंत तर 500 नॅनोसेकंदांत 50,000 चित्रं, 50 जीबी, नऊ रनचे 450 जीबी. दर 100 पिकोसेकंदांना साठवलंत तर 45 जीबीत भागतं. पाण्याची हालचाल अभ्यासायची नसेल तर फक्त प्रथिन आणि पटल साठवण्याचा पर्याय इनपुट फाइलमध्येच आहे, तो आठवणीने वापरा. वेग आणि बलांसकट पूर्ण अचूकतेची फाइल मात्र दर चित्राला सुमारे 9 एमबीची होते. जुन्या इनपुट फाइलमध्ये ती चालू राहून गेलेली असते आणि तिसऱ्या दिवशी कोटा भरून रन पडतो.

अर्जाची कागदपत्रं साधी असतात. अर्जदार बहुधा तुमचे मार्गदर्शक असतात, तुम्ही त्यांच्या प्रकल्पाखालचे वापरकर्ते. संस्थेचा ईमेल पत्ता लागतो, खाजगी पत्त्यावर खातं मिळायची आशा धरू नका. विभागप्रमुखांची सही, ओळखपत्र, एका पानात कामाचं वर्णन, कोणती सॉफ्टवेअर लागतील त्यांची आवृत्तीसकट यादी. ग्रोमॅक्स, क्वांटम एस्प्रेसो, लॅम्प्स ही मुक्त सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी आधीच बसवलेली सापडतात. व्हास्प किंवा गॉसियनसारख्यांचा परवाना मात्र तुमच्या गटाचा असावा लागतो. यंत्रावर कुणीतरी ती चालवतोय म्हणून तुम्हालाही चालवता येईल असं नाही.

खातं मिळाल्यावर

पुस्तिकेत लॉगिनचा पोर्ट क्रमांक पाहा. परम यंत्रांवर बाहेरून येताना तो नेहमीचा 22 नसून बहुधा वेगळा असतो, आणि तुमच्या विद्यापीठाची फायरवॉल तो अडवत असेल तर "खातं चालत नाही" अशी तक्रार यंत्राच्या केंद्राकडे करून उपयोग नाही. मोबाइलच्या इंटरनेटवरून जोडून पाहा. तिथून जोडलं गेलं तर दोष तुमच्या आवारात आहे. काही केंद्रं मात्र आधी नोंदवलेल्या आयपी पत्त्यावरूनच आत घेतात, तेही एकदा तपासा.

लॉगिन होतं ते लॉगिन नोडवर. तो सगळ्यांचा ओटा आहे: फाइल लिहायच्या, कंपाइल करायचं, जॉब टाकायचा. तिथेच सिम्युलेशन सुरू केलं तर शंभर जणांची टर्मिनलं अडतात आणि प्रशासक तुमची प्रक्रिया मारतात, पुन्हा केलंत तर खातं गोठवतात. विश्लेषणाची पायथन स्क्रिप्टसुद्धा जॉब म्हणूनच टाका.

वर्गमित्राला खातं वापरायला देणं हा तर सरळ नियमभंग. मे 2020 मध्ये युरोपातले अनेक महासंगणक, त्यात ब्रिटनचा आर्चरही, घुसखोरीमुळे बंद ठेवावे लागले होते. आत येण्याचा मार्ग होता संशोधकांची चोरलेली लॉगिनं. तेव्हापासून सगळीकडेच याबाबत हात आखडता आहे.

फाइल ठेवायच्या दोन जागा असतात. होम लहान असते, तिथे स्क्रिप्ट आणि कोड. स्क्रॅच मोठी आणि वेगवान, जॉब तिथून चालवायचा. स्क्रॅचचा बॅकअप नसतो आणि ठरावीक दिवस हात न लावलेल्या फाइल तिथून काढून टाकतात. ही जागा बहुधा लस्टर नावाच्या फाइल यंत्रणेवर असते. तिची ताकद मोठ्या फाइल सलग वाचण्या-लिहिण्यात आहे. हजारो चिल्लर फाइल हे तिचं दुखणं, कारण प्रत्येक फाइल उघडताना एकाच मेटाडेटा सर्व्हरला विचारावं लागतं. स्क्रॅचमध्ये कोंडाचं (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) पर्यावरण उभारून 500 प्रक्रियांनी एकदम पायथनची पॅकेजं उघडली की आकडेमोड सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात, आणि शेजाऱ्यांचे जॉबही रेंगाळतात. असं पर्यावरण ॲपटेनरच्या एका कंटेनर फाइलमध्ये बांधून न्या. डॉकर हे तसंच दुसरं कंटेनरचं साधन थेट चालवू देत नाहीत, कारण त्याला प्रशासकाचे अधिकार लागतात.

सॉफ्टवेअर केंद्राने बसवून ठेवलेल्या मॉड्यूलमधूनच घ्या. कोंडातून उतरवलेली एमपीआयची (प्रक्रियांना एकमेकींशी बोलू देणारी लायब्ररी) आवृत्ती बरेचदा इन्फिनिबँड, म्हणजे नोड जोडणारं वेगवान नेटवर्क, ओळखत नाही आणि गुपचूप साध्या नेटवर्कवरून बोलते. जॉब चालतो, चूक दिसत नाही, फक्त दोन नोडवर एका नोडपेक्षाही संथ होतो. चाचणीत असा उलटा आकडा आला की पहिला संशय याच्यावर घ्या. दुसरा संशय प्रोसेसरच्या सूचनासंचावर: लॉगच्या सुरुवातीलाच ग्रोमॅक्स कोणत्या संचासाठी बांधलंय आणि यंत्राला कोणता चालला असता हे छापून येतं. बहुतेक जण ती ओळ न वाचताच पुढे जातात.

जॉब स्क्रिप्टमध्ये बिघडतं ते

सर्वांत जास्त वाया जाणारा वेळ थ्रेडच्या (एका प्रक्रियेतले समांतर चालणारे धागे) गोंधळात जातो. 48 कोअरच्या नोडवर 48 एमपीआय प्रक्रिया सुरू केल्या आणि ओपनएमपीच्या (थ्रेड चालवणारी पद्धत) थ्रेडची संख्या सांगितलीच नाही, तर प्रोग्राम किंवा त्यातली गणिताची लायब्ररी दर प्रक्रियेला 48 थ्रेड उघडू शकते. एका नोडवर 2,304 थ्रेड एकमेकांना ढकलत बसतात. यंत्र शंभर टक्के व्यस्त दिसतं आणि काम मुंगीच्या पावलाने होतं. प्रक्रिया गुणिले थ्रेड बरोबर कोअर, हा गुणाकार स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहा: 48 गुणिले 1, 24 गुणिले 2 किंवा 12 गुणिले 4. तिन्ही चालवून पाहा, फरक पुष्कळदा 10-20 टक्क्यांचा निघतो. क्वांटम एस्प्रेसोवाल्यांनी त्याआधी के-बिंदूंचे गट पाडावेत. त्या प्रोग्राममध्ये सर्वांत स्वस्तात वेग तिथेच मिळतो.

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट तशीच चढवली तर ओळीच्या शेवटच्या अदृश्य चिन्हामुळे स्लर्म (जॉबची रांग सांभाळणारा प्रोग्राम) ती घेतच नाही. चूक मात्र नीट सांगतो: डॉसची ओळ-चिन्हं आहेत म्हणून. एका आज्ञेने ती निघतात.

वेळमर्यादेचं गणित बारकाईने करा. केंद्राची कमाल मर्यादा तीन दिवस असेल तर 14 दिवसांचा रन पाच तुकड्यांत करावा लागतो. ग्रोमॅक्स न सांगताही दर 15 मिनिटांनी चेकपॉइंट (तिथून पुढे चालू करता येईल अशी नोंद) लिहितं, त्यामुळे नुकसान झालं तरी पाव तासाचं. तरी त्याला "इतक्या तासांत स्वतःहून थांब" हा पर्याय द्या. 72 तासांच्या जॉबला 71.5 दिलंत तर त्याच्या 99 टक्क्यांवर ते नीट आवरून, चेकपॉइंट लिहून बाहेर पडतं. पुढचा तुकडा आधीच्यावर अवलंबून म्हणून एकदमच रांगेत टाकता येतो. इथे एक खाच आहे. "आधीचा यशस्वी झाला तरच" अशी अट घातली आणि आधीचा जॉब वेळ संपून मारला गेला, तर स्लर्मच्या लेखी तो अयशस्वी. पुढचे चारही तुकडे "अट कधीच पूर्ण होणार नाही" असा शेरा घेऊन पडून राहतात, आणि शनिवार-रविवार गेल्यावर ते लक्षात येतं. एकतर स्वतःहून थांबण्याचा पर्याय वापरा किंवा "आधीचा कसाही संपला तरी" ही अट घाला. चेकपॉइंटवरून पुढे जाताना जुन्या आउटपुट फाइलची नावं बदलू नका की त्या हलवू नका. ग्रोमॅक्स त्या जुळवून पाहतं आणि जुळल्या नाहीत तर पुढे जोडायला नकार देतं.

रांगेत जॉब का अडकलाय हे स्लर्म स्वतःच सांगतो, कारणाचा रकाना वाचा. "रिसोर्सेस" म्हणजे तुमचा नंबर लागलाय, नोड मोकळे व्हायचेत. "प्रायॉरिटी" म्हणजे तुमच्या पुढे कुणीतरी आहे. गेल्या काही आठवड्यांत तुमच्या गटाने भरपूर वापर केला असेल तर न्याय्य वाट्याच्या नियमाने तुमचं स्थान खाली जातं, आणि दिवस जातील तसं सुधारतं. कोअर-मिनिटांच्या मर्यादेचा उल्लेख दिसला तर मंजूर वेळ संपला, थांबून काही होणार नाही. नोड उपलब्ध नाहीत असं म्हणत असेल तर देखभालीची तारीख पाहा. परवा यंत्र बंद होणार असेल तर आज टाकलेला तीन दिवसांचा जॉब सुरू होणारच नाही, पण 40 तासांचा होईल.

मोठ्या जॉबसाठी नोड गोळा होत असताना मधल्या मोकळ्या जागेत स्लर्म लहान जॉब घुसवतो. भरलेल्या एसटीत एकटा माणूस शेवटच्या रिकाम्या सीटवर बसून जातो आणि वऱ्हाडाला पुढची गाडी बघावी लागते, तसंच हे. म्हणून 10 तासांच्या कामाला "असू दे" म्हणून 72 तास मागू नका. चाचणीत 10 तास लागले असतील तर 12 मागा. नऊ रन एका 18 नोडच्या जॉबमध्ये बांधण्यापेक्षा दोन-दोन नोडचे नऊ सुटे जॉब जॉब-ॲरे (एकाच स्क्रिप्टवरून निघणारा जॉबचा संच) म्हणून टाकणं कधीही बरं.

जॉब संपल्यावर स्लर्मकडून त्याचा हिशेब मागा: प्रत्यक्ष सीपीयू-वेळ किती, कमाल मेमरी किती. सीपीयूचा वापर 50 टक्क्यांखाली दिसला तर पुढचा जॉब टाकण्याआधी थांबा. मेमरी संपून मारलेला जॉब बरेचदा नुसता "किल्ड" एवढंच लिहून जातो. अशा वेळी दर नोडला प्रक्रिया निम्म्या करा, म्हणजे प्रत्येकीला 4 ऐवजी 8 जीबी मिळेल.

मदत कशी मागायची

या यंत्रांमागे बसलेली माणसं ही यंत्राइतकीच मोठी सोय आहे, आणि लोक ती फार उशिरा वापरतात. प्रत्येक केंद्राची तिकीट यंत्रणा किंवा मदतीचा ईमेल असतो. ओळखीच्या अभियंत्याला फोन करण्यापेक्षा तिकीट टाका. त्याची नोंद राहते, तो रजेवर असला तरी दुसरा उचलतो.

"माझा जॉब चालत नाही, कृपया लवकर मदत करा" या तिकिटाला पहिलं उत्तर येतं ते प्रश्नांचं, आणि त्यात दोन दिवस जातात. पहिल्याच वेळी लिहा: जॉब क्रमांक, स्क्रिप्ट आणि आउटपुटचा पूर्ण मार्ग, कोणती मॉड्यूल लावली होती, चुकीची ओळ जशीच्या तशी (मजकूर हवा, पडद्याचा फोटो नको), आधी कधी चाललं होतं का आणि त्यानंतर काय बदललं. चूक दाखवणारं छोटं, पाच मिनिटांत पडणारं उदाहरण दिलंत तर काम निम्म्या वेळात होतं. पासवर्ड कधीही लिहू नका, तो कुणी मागणारही नाही.

सॉफ्टवेअर बसवणं, कंपाइलरचे पर्याय, संथपणाचं निदान, फाइल यंत्रणेतली जागा, खास कारणासाठी वाढीव वेळमर्यादा किंवा राखीव नोड, ही सगळी त्यांची कामं. परीक्षकांच्या सुधारणांसाठी तीन आठवड्यांत दोन रन पूर्ण करायचे असतील तर कारण आणि तारीख देऊन विचारायला लाजू नका. कुठलं बलक्षेत्र (अणूंमधल्या बलांची सूत्रं) निवडायचं, प्रथिन उलगडतंय ते बरोबर आहे का, हे मात्र त्यांना विचारू नका, ते तुमच्या मार्गदर्शकांचं काम.

लिनक्स आणि स्लर्मची सवयच नसेल तर अभियानाची प्रशिक्षण केंद्रं आयआयटी खरगपूर, मद्रास, गोवा आणि पलक्कड इथे आहेत, आणि सी-डॅकही कार्यशाळा घेतं. विभागात परम शावक हे सी-डॅकचं टेबलाशेजारी मावणारं यंत्र पडून असेल (अनेक महाविद्यालयांत असतं, धूळ खात) तर स्क्रिप्टचा सराव त्यावर करा. मोठ्या यंत्रावरचे मंजूर तास शिकण्यात घालवू नयेत.

डेटा परत आणताना

450 जीबी 100 मेगाबिटच्या जोडणीवरून पूर्ण वेगाने आणायलाही 10 तास लागतात, आणि पूर्ण वेग क्वचितच मिळतो. विद्यापीठ राष्ट्रीय ज्ञान जाळ्यावर असेल तर वसतिगृहाच्या वायफायवरून न करता विभागातल्या तारेच्या जोडणीवरून करा. मध्येच तुटलं तर राहिलेलंच आणणारी आरसिंक वापरा, साध्या प्रतीची आज्ञा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हजारो लहान फाइल असतील तर आधी जॉबमध्येच टार करून एक फाइल बनवा आणि दोन्ही टोकांना चेकसम (फाइल तीच आहे ना हे पडताळणारा आकडा) जुळवा. त्याआधी पाणी काढून टाकणं, चित्रं विरळ करणं हे तिथेच उरका. कित्येकदा 450 जीबीमधलं घरी आणण्यासारखं 30 जीबीच निघतं.

शोधनिबंधात आभाराचं वाक्य केंद्राने दिलेलंच वापरा. त्यात अभियानाचं, यंत्राचं, यजमान संस्थेचं, सी-डॅकचं आणि दोन्ही सरकारी विभागांचं नाव असतं. निबंध छापून आला की तो केंद्राला कळवा. पुढच्या मुदतवाढीच्या अर्जात "आधीच्या वेळेतून काय निघालं" हा रकाना असतो आणि यादी तिथे लागते. मुदत संपल्यावर खातं किती दिवस वाचण्यापुरतं उघडं राहतं, हे मंजुरीच्या पत्रात लिहिलेलं असतं. ती तारीख मार्गदर्शकांच्या आणि तुमच्या, दोघांच्याही कॅलेंडरमध्ये टाका, कारण खातं बंद होण्याचा ईमेल बहुधा मार्गदर्शकांकडेच जातो.